मृतांची अब्रू आणि ऐतिहासिक कादंबरीकार

ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे जो वाद वारंवार होतो, तो बहुधा सनावळीचा असतो. अमुक लढाई लेखकाने दोन वर्षे आधी का घातली, अमुक सरदार त्या वेळी हयात तरी होता काय, असे टीकाकार विचारतात; आणि ही कादंबरी आहे, बखर नव्हे, असे लेखकाचे कैवारी उत्तर देतात. हा वाद निष्फळ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या गलबल्यात मुख्य प्रश्न बाजूस राहतो असे आम्हांस वाटते. तो प्रश्न इतिहासशास्त्राचा नसून नीतीचा आहे. जी माणसे एके काळी खरोखर जिवंत होती, ज्यांना आपल्यासारखेच नाव, घर, आप्त आणि अब्रू होती, त्यांच्या नावावर मनास येईल तो गुन्हा रचण्याचा अधिकार कादंबरीकारास कोणी दिला? मृत मनुष्य फिर्याद करू शकत नाही हे खरे. पण एवढ्यावरून त्याचा काही हक्कच उरत नाही, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचा विचार सर वॉल्टर स्कॉट याच्या लेखनाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे. इंग्रजीत या वाङ्मयप्रकाराचा तो आद्य आचार्य होय, आणि आपल्या मराठी कादंबरीनेही आपले पहिले धडे पुष्कळ अंशी त्याच्याच शाळेत घेतले. शिवाय स्कॉट हा स्वभावाने अत्यंत सचोटीचा मनुष्य होता. लफंग्या लेखकाने मृतांवर अन्याय केला तर त्यात नवल नाही. सज्जनाच्या हातून तो कसा घडतो, हे पाहण्यातच खरा बोध आहे.

स्कॉटचा जन्म १७७१ चा, मृत्यू १८३२ चा. कवी म्हणून कीर्ती मिळाल्यावर १८१४ साली त्याने ‘वेव्हर्ली’ ही आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तीवर नाव घातले नाही. पुढे जवळजवळ तेरा वर्षे ‘वेव्हर्लीचा कर्ता’ याच बिरुदाखाली त्याच्या कादंबऱ्या निघत राहिल्या, व १८२७ साली एका भोजनसमारंभात त्याने आपले कर्तृत्व उघडपणे कबूल केले. त्याने युरोपास काय दिले, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. गेलेल्या काळातील लोक म्हणजे सनदा आणि तहनामे नव्हेत, ती रक्तामांसाची माणसे होती, ही गोष्ट या कादंबऱ्यांनी शिकविली, असे कार्लाइलसारख्या कठोर परीक्षकानेही १८३८ सालच्या आपल्या निबंधात मान्य केले आहे. हे ऋण लहान नव्हे, आणि पुढील विवेचन वाचताना वाचकांनी त्याचा विसर पडू देऊ नये.

‘वेव्हर्ली’त स्कॉटने एक उत्तम युक्ती योजिली होती. १७४५ साली स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्राने स्कॉटलंडात उठाव केला, तो या कथेचा काळ. राजपुत्र कथेत येतो. पण कथा त्याची नव्हे. कथा एडवर्ड वेव्हर्ली या कल्पित तरुणाची आहे. लेखकास जे प्रेम, जे मोह, जे प्रमाद रंगवावयाचे आहेत ते सारे या कल्पित तरुणाच्या वाट्यास येतात. आणि इतिहासातील मोठी माणसे राजरस्त्याने स्वारी जावी तशी कथेच्या कडेने निघून जातात. त्यामुळे लेखकास मोकळीक मिळते, आणि मृतांस धक्का लागत नाही. आपल्याकडे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८७१ साली लिहिलेली ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी समजली जाते. तीत काळ शिवाजीमहाराजांचा घेतला आहे, पण गड व मुख्य पात्रे कल्पनेची आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’तही महाराज आहेतच, तथापि ज्या घरातील बाप-लेकांचा विरोध आपण जीव मुठीत धरून वाचतो, ते घर हरिभाऊंनी स्वतः उभारलेले आहे. ही वाट निर्मळ आहे. तीवरून जाणाऱ्या लेखकावर मृतांचा काही आरोप येऊ शकत नाही.

परंतु स्कॉट नेहमी या वाटेने गेला नाही. १८२१ च्या जानेवारीत त्याची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी निघाली. राणी एलिझाबेथ, तिचा लाडका सरदार लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली, आणि त्याची पत्नी अ‍ॅमी रॉब्सार्ट यांची ही कथा. लेस्टरने अ‍ॅमीशी गुप्तपणे लग्न केले आहे. राणीची मर्जी जाईल या भीतीने तो तिला कम्नर येथील एका जुन्या वाड्यात लपवून ठेवतो. अ‍ॅमी तेथून निसटते, आणि राणीच्या स्वागताचा प्रचंड उत्सव चालू असता केनिलवर्थच्या किल्ल्यात येऊन पोहोचते. लेस्टरचा विश्वासू सेवक व्हर्नी धन्याच्या मनात तिच्या शीलाविषयी विष कालवितो. भ्रमात पडलेला लेस्टर तिच्या वधास संमती देतो, सत्य कळताच पश्चात्ताप पावून ती आज्ञा परत घेतो. पण तोपर्यंत वेळ टळलेली असते. व्हर्नी व वाड्याचा रखवालदार टोनी फॉस्टर यांनी रचलेल्या सापळ्यात अ‍ॅमी खोल पडून मरते. फॉस्टर आपल्या सोन्याच्या पेटीसह एका चोरकोठडीत अडकतो आणि कित्येक वर्षांनी त्याचा सांगाडा तेथे सापडतो. ही कथा वाचून ज्याचे अंतःकरण हलले नाही असा वाचक विरळा.

आता घडलेली हकीकत काय होती ते पाहू. अ‍ॅमीचे लग्न गुप्त नव्हते. ते ४ जून १५५० रोजी झाले, आणि स्वतः राजा सहावा एडवर्ड त्यास उपस्थित होता. एलिझाबेथ गादीवर आली ती १५५८ च्या नोव्हेंबरात. ८ सप्टेंबर १५६० रोजी अ‍ॅमीने घरच्या मंडळींस अ‍ॅबिंग्डनच्या जत्रेस पाठविले होते. ती परतली तेव्हा कम्नरच्या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी अ‍ॅमी मरून पडलेली आढळली. डडलीस अर्लची पदवी मिळाली १५६४ साली. म्हणजे ज्या ‘काउंटेस’ पदासाठी कादंबरीतील अ‍ॅमी झुरते, ते पद तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी अस्तित्वात आले. केनिलवर्थचा उत्सव तर १५७५ च्या जुलैतला. पंधरा वर्षांपूर्वी मेलेली बाई स्कॉटने उत्सवात आणून उभी केली. त्याच कादंबरीत शेक्सपिअर प्रौढ नाटककार म्हणून दिसतो. १५७५ साली तो अकरा वर्षांचा मुलगा होता.

सनावळीच्या या चुका आम्ही मनावर घेत नाही. शेक्सपिअरला वयाआधी प्रौढ केल्याने त्याचे काही बिघडले नाही. अ‍ॅमीला पंधरा वर्षे अधिक आयुष्य दिले, यातही तिचा अपमान नाही. काळाची अशी ओढाताण कथेच्या बांधणीसाठी करावी लागते, आणि सुज्ञ वाचक ती समजून घेतो.

परंतु फॉस्टरची गोष्ट निराळी आहे. हा मनुष्य कल्पित नाही. अँटनी फॉर्स्टर या नावाचा गृहस्थ कम्नरच्या वाड्यात खरोखर राहत होता. तो डडलीच्या खर्चाचा हिशेब पाहणारा त्याचा कारभारी होता. पुढे अ‍ॅबिंग्डनतर्फे तो पार्लमेंटात निवडून गेला, आणि १५७२ साली, म्हणजे केनिलवर्थच्या उत्सवापूर्वी तीन वर्षे, वारला. कम्नरच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे, आणि तीवरील लॅटिन लेखात त्याची विद्वत्ता, संगीताचे ज्ञान आणि बागबगीच्याचा नाद यांची प्रशंसा कोरलेली आहे. समाधिलेखावर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. मेल्यावर सर्वच सद्गुणी होतात. तरी पण ज्यास स्कॉटने अडाणी, कंजूष, ढोंगी धर्मवेडा व खुनी म्हणून जगापुढे उभे केले, त्या माणसाविरुद्ध पुरावा काय होता? १५८४ साली लेस्टरच्या शत्रूंनी निनावी छापलेले एक निंदाप्रचुर पुस्तक, आणि त्यावरून पुढे अ‍ॅशमोलच्या बर्कशरवर्णनात, १७१९ साली, उतरलेली हकीकत. अ‍ॅमीच्या मृत्यूची चौकशी त्याच वेळी पंचांनी केली होती. त्यांचा अहवाल शतकानुशतके दप्तरात पडून राहिला आणि २००८ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात सापडला. तीत डोक्याच्या दोन जखमा व मोडलेली मान यांचा उल्लेख असून पंचांचा निर्णय अपघाती मृत्यूचा आहे. त्या निर्णयावर सर्व इतिहासकारांचे समाधान झाले आहे असे नाही, आणि खरे काय ते कदाचित कधीच कळणार नाही. पण फॉर्स्टरच्या हातास रक्त लागले होते, असे म्हणण्यास कोणापाशीही आधार नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या जुन्या निंदापुस्तकात मुख्य अपराधी लेस्टर होता; सेवक हे त्याचे हस्तक. स्कॉटला लेस्टर हा नायक म्हणून हवा होता, आणि नायक पत्नीचा घातक असला तर वाचकाची सहानुभूती उडते. सबब लेस्टरच्या माथ्यावरचे ओझे उतरवून व्हर्नी आणि फॉस्टर यांच्या माथी ठेवण्यात आले. मालक दुर्बल पण उदार ठरला, चाकर दुष्ट ठरले. अद्भुतरम्य कथेत हा प्रकार इतका नित्याचा आहे की आपल्या तो ध्यानातही येत नाही. मोठ्या माणसाचे चारित्र्य धुऊन काढावयाचे तर ते पाणी कोठे तरी सांडावेच लागते, आणि ते बहुधा ज्याचा कैवार घेणारा कोणी नाही अशाच्या दारात सांडते.

यावर आमचे काही वाचक म्हणतील, की हा अधिकार कवींनी पुरातन काळापासून वापरला आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखत असूनही भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून त्यास दोषमुक्त केले. नायकास किंवा रसास जे अनुचित असेल ते मूळ कथेतून गाळावे किंवा बदलावे, अशी मोकळीक ‘दशरूपका’सारख्या नाट्यशास्त्राच्या ग्रंथानेच दिली आहे. मग स्कॉटने काय निराळे केले? आमचे उत्तर असे, की कालिदासाच्या प्रेक्षकांस मूळ कथा ठाऊक होती. कवीने कोठे हात फिरविला हे त्यांस दिसत होते, आणि त्या दिसण्यातच त्यांचा अर्धा आनंद होता. कम्नरच्या फॉर्स्टरची मूळ कथा किती वाचकांस माहीत होती? बहुतेकांना तो माणूस प्रथम भेटला तो स्कॉटच्या पुस्तकात, आणि शेवटचाही तेथेच. लेस्टरविषयी वाचावयास इतिहासाचे दहा ग्रंथ आहेत. कादंबरीने त्याच्यावर अन्याय केला तरी अपील करावयास जागा आहे. फॉर्स्टरला दुसरी कचेरीच नाही.

आणखी एक आक्षेप याहून खोल आहे. मेलेल्यास सुखदुःख नाही; मग त्याची अब्रू गेली म्हणजे नक्की कोणाचे काय गेले? कायद्याने या प्रश्नास एक सावध उत्तर दिले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमात, आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, मृताची निंदा अब्रुनुकसानी ठरू शकते. मात्र ती त्याच्या कुटुंबीयांची किंवा जवळच्या नातलगांची मने दुखविण्याच्या हेतूने केलेली असली पाहिजे. म्हणजे कायदा मृताचे रक्षण करीत नाही, त्याच्या जिवंत आप्तांचे करतो. ज्याचे कोणी उरले नाही त्याच्याविषयी कायद्यास काही म्हणावयाचे नाही.

पण जेथे कायदा थांबतो तेथे नीती थांबत नाही. आपल्या पूर्वजांनी श्राद्धविधीत स्वतःच्या पितरांबरोबरच, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही अशांसाठीही धर्मपिंडाची योजना केली. मृतास पिंड पोहोचतो किंवा नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. त्या रूढीमागील भावना एवढीच, की ज्याचा कोणी वाली नाही त्याचेही देणे कोणी तरी लागते. आपण स्वतः एक दिवस त्याच पंक्तीस जाऊन बसणार. आपल्यामागे आपल्या नावाचे काय व्हावे, याची आपणांस जिवंतपणीच काळजी वाटते; आणि ती काळजी निरर्थक आहे असे आपण मानीत नाही. मग दुसऱ्याच्या बाबतीत तरी ती निरर्थक कशी?

कादंबरीकाराचे देणे आणखी एका कारणाने वाढते. त्यास खलपुरुष हवा असेल तर तो कल्पनेने निर्माण करू शकतो; नावांचा काही दुष्काळ नाही. तरीही तो खऱ्या माणसाचे नाव घेतो, ते का? कारण खऱ्या नावामुळे कथेस विश्वास लाभतो. वाचक मनाशी म्हणतो, की हे गाव आहे, हा वाडा होता, हा मनुष्य तेथे राहत होता, तेव्हा हे घडलेही असेल. हा विश्वास लेखकाने कमाविलेला नाही. तो त्या मृत माणसाच्या खरेपणाच्या भांडवलावर त्याने उचललेला आहे. दुसऱ्याचे भांडवल वापरून धंदा करावा, आणि शेवटी त्याच भांडवलदारास दिवाळखोर म्हणून जाहीर करावे, हा व्यवहार कोणत्याही पेढीवर खपणार नाही.

पेढीचा दाखला आम्ही सहज दिलेला नाही. १८२६ साली स्कॉटचे प्रकाशक व मुद्रक बुडाले, आणि एक लाख पौंडांहून अधिक कर्ज त्याच्या अंगावर आले. दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग त्यास खुला होता. तो त्याने नाकारला, आणि लेखणीच्या बळावर सावकारांची पै न पै फेडण्याचा निश्चय केला. उरलेली सहा वर्षे त्याने प्रकृती झिजवून लिहिले. राहिलेले कर्ज त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथांच्या उत्पन्नातून फिटले. जिवंत सावकारांविषयी एवढी निष्ठा बाळगणाऱ्या मनुष्यास मृत सावकाराची आठवण झाली नसेल काय?

झाली होती. कर्जफेडीसाठीच काढलेल्या आपल्या कादंबऱ्यांच्या सटीक आवृत्तीत, १८३१ साली ‘केनिलवर्थ’ पुन्हा छापताना, स्कॉटने आपल्या कथेचा आधार कोणता हे सांगितले. आणि फॉर्स्टरच्या समाधिलेखाचा उल्लेख करून, असल्या लेखांवर विश्वास ठेवावयाचा तर तो गृहस्थ कादंबरीतील चित्राच्या अगदी उलट होता, असे टीपेत नमूद केले. आम्हांस ही टीप स्कॉटच्या मोठेपणाची खूण वाटते. देणे ओळखून ते वहीत लिहून ठेवणारे लेखक थोडे. तथापि ते फिटले असे मात्र म्हणवत नाही. कादंबरी हजारो घरांत वाचली गेली. टीप वाचणारे किती? रंगभूमीने आणि संगीतनाटकांनी अ‍ॅमीची कथा उचलली, ती टीपेवाचून उचलली. लेखकाची दुरुस्ती त्याच्या कल्पनेच्या मागून पायी चालत येते, आणि तिला सहसा ती गाठता येत नाही.

हे दूरदेशीचे प्रकरण आहे असे समजून आपण निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी न वाचलेले सुशिक्षित मराठी घर पूर्वी क्वचितच आढळले असते. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला आणि ते तेथे पडले, हा इतिहास आहे. मोगलांच्या वतीने गड राखणारा राजपूत किल्लेदार उदयभान राठोड त्याच झुंजीत पडला, हाही इतिहास आहे. पण सती जाण्यास निघालेल्या कमलकुमारीस पळवून गडावर कोंडणारा कामांध उदयभान हा कादंबरीतला आहे. समकालीन साधनांत त्याला आधार नाही. पोवाड्याने त्यास आधीच राक्षसी रूप दिले होते, कादंबरीने त्यात परस्त्रीहरणाचे पाप घातले. आणि २०२० सालच्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात गडावर कोंडलेली राजपूत विधवा पुन्हा दिसली. अशा रीतीने शतकाहून अधिक काळ एका कल्पित अपराधाची शिक्षा एक खरा मनुष्य भोगीत आहे.

हरिभाऊंविषयीचा आमचा आदर यत्किंचितही कमी नाही. मराठी कादंबरीस ज्यांनी प्रौढत्व आणिले त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे, आणि स्वाभिमान जागा करण्याचा त्यांचा हेतू निर्मळ होता. पण हेतू निर्मळ असला म्हणजे साधन तपासावयाचे नाही, असे थोडेच आहे? शिवाय या साधनाने हेतूसही बाध येतो. उदयभान परक्याच्या चाकरीत होता, तरी आपल्या धन्याचे मीठ स्मरून लढला आणि पडला. एवढीच त्याच्याविषयी इतिहासाची साक्ष. अशा वीराशी झुंजून गड घेणे हा तानाजींचा पराक्रम. त्या वीरास नीच लंपट ठरविले म्हणजे तानाजींची उंची वाढते असे ज्यास वाटते, त्याने पराक्रमाचे माप नीट ओळखले नाही. शत्रूस काळे फासल्यावाचून ज्याचा गौरव होत नाही असा वीर दुबळा म्हणावा लागेल; आणि तानाजी तसे खचित नव्हते.

तर मग ऐतिहासिक कादंबरी लिहूच नये काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काळ हलवावा, संवाद रचावे, दोन प्रसंगांचा एक करावा, ज्या मनांत कोणी डोकावले नाही त्यांत डोकावावे. याविना ही कला जगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की खऱ्या नावाच्या माणसावर पुराव्यावाचून नवा गुन्हा लादू नये. आणि नाव जितके लहान तितका हात अधिक जपून ठेवावा. खल हवा असेल तर तो ‘वेव्हर्ली’च्या आणि ‘मोचनगडा’च्या वाटेने कल्पनेतून आणावा. ही अट पाळून थोर कथा लिहिता येते, हे त्या वाटेने गेलेल्यांनी दाखवून दिले आहे.

लेखकाइतकीच जबाबदारी वाचणाऱ्या घरांवरही आहे. आपल्या मुलांना इतिहासाची पहिली गोडी पाठ्यपुस्तकाने लागत नाही, ती अशा कादंबऱ्यांनी लागते, आणि लागावी. पण पुस्तक मिटल्यावर मूल हटकून विचारते, की हे सारे खरेच घडले काय? त्या वेळी ‘गोष्ट आहे ती’ असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे असते. त्याऐवजी तानाजी खरे, गड खरा, उदयभानाचे लढून पडणे खरे, आणि कमलकुमारी मात्र हरिभाऊंच्या मनातली, एवढे त्यास सांगावयास चार मिनिटेही लागत नाहीत. त्याने कथेची गोडी उणी होत नाही, आणि स्वतःची बाजू मांडण्यास जो येऊ शकत नाही त्याच्याविषयी बोलताना जपावे, हे मुलास लहानपणीच कळते.